पासपोर्टातला ‘लेट’ आणि देवळालीचा ताप: जुन्या इंग्रजी शब्दांचा माग कसा काढावा

भारतीय पासपोर्ट उघडला की आत राष्ट्रपतींच्या नावानं एक विनंती छापलेली दिसते. पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं, असं त्यात म्हटलंय. माझा पहिला पासपोर्ट हातात आला तेव्हा मी ती ओळ वाचली आणि अर्थ लावून मोकळा झालो: उशीर न करता, अडथळा न आणता. ‘लेट’ म्हणजे उशीर. गाडी लेट आहे, हे तर आपण रोजच म्हणतो.

काही वर्षांनी स्पेलिंगकडे लक्ष गेलं. शेवटचा ‘ई’ नव्हताच. म्हणजे हा उशीरवाला लेट नव्हे, ‘लेट मी गो’मधला, ‘जाऊ दे’मधला. पण मग ‘जाऊ देण्याशिवाय आणि अडथळ्याशिवाय’ हे काय त्रांगडं? शेवटी चांगला कोश उघडला तेव्हा उलगडा झाला. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. ‘लॅटन’ म्हणजे सोडणं, करू देणं. ‘लेट्टन’ म्हणजे अडवणं, खोळंबा करणं. बोलून बोलून दोघांचा उच्चार एकच झाला. एकाच आवाजाचे आणि नेमके उलट अर्थाचे दोन शब्द भाषेत किती दिवस नांदणार? अडवणारा मेला. पासपोर्टात, वकिली कागदात आणि टेनिसच्या कोर्टावर तेवढा उरला. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेला की पंच ‘लेट’ म्हणतो, तो हाच. गंमत म्हणजे ‘लेट्टन’ हा उशीरवाल्या लेटचाच भाऊबंद: खोळंबा करणं म्हणजे उशीर करवणं. माझा अडाणी अंदाज चुकून योग्य गल्लीत पडला होता.

तेव्हापासून हा नाद लागला, आणि जुन्या इंग्रजी पत्रांची, खतांची भाषांतरं करताना तो कामालाही आला. नव्यानं या वाटेला लागणाऱ्यासाठी माझ्या पद्धतीच्या पायऱ्या इथं मांडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘हरवलेले पन्नास सुंदर इंग्रजी शब्द’ छापाच्या याद्यांपासून सुरुवात करू नका. त्यातले निम्मे शब्द कुणी कधी बोललंच नव्हतं. १६२३ साली हेन्री कॉकरॅम नावाच्या गृहस्थानं कोश काढला, त्यात लॅटिनचे तुकडे जोडून बनवलेले कितीतरी शब्द आहेत, जे कोशाबाहेर फारसे भेटत नाहीत. असे शब्द कपाटातल्या चिनी मातीच्या बश्यांसारखे: दिसायला छान, पण जेवलं कुणी नाही त्यात.

पहिली पायरी: शब्द वाक्यासकट उतरवा

एक साधी वही घ्या. शब्द लिहा, पण त्याच्याखाली तो ज्या वाक्यात भेटला ते सबंध वाक्य लिहा, आणि ते लिहिलं गेलं तो काळ. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि पुढं भरकटतात.

उदाहरण देतो. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडं देतो आणि म्हणतो, हे तुम्हाला ‘मीट’ म्हणून असेल. आजचा अर्थ घेऊन वाचलं तर झाडपाल्याचं मटण होतं. शेजारी १६११ हे साल लिहिलेलं असलं की डोक्यात घंटा वाजते. तेव्हा ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न. मांस हा अर्थ पुढं आकसत आकसत एकटा उरला. जुना अर्थ आपल्याच बाजारात अजून टांगलेला दिसतो: मिठाईच्या जुन्या दुकानांवर ‘स्वीटमीट मार्ट’ अशी पाटी असते आणि आत शुद्ध शाकाहारी पेढे मिळतात.

उतरवून घेताना अक्षरांचाही घोळ होतो. १८०० च्या आधीच्या छापील पुस्तकांत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब काढलेला असतो आणि तो थेट ‘एफ’सारखा दिसतो. स्कॅन केलेल्या पुस्तकांत शोध घेणारं यंत्रही फसतं आणि ‘सेम’चं ‘फेम’ करून ठेवतं. इंग्लंडातल्या पबवर ‘यी ओल्ड’ अशी पाटी दिसते, तीही अशीच फसवी. पूर्वी इंग्रजीत ‘थ’साठी थॉर्न नावाचं एक अक्षर होतं. हस्ताक्षरात ते ‘वाय’सारखं दिसायला लागलं आणि छापखान्यात त्याचा खिळा नसला की ‘वाय’च लावायचे. तिथं ‘यी’ कुणी म्हणत नव्हतं, ‘द’च म्हणत होते. मोडीतला कागद वाचताना अक्षराच्या वळणावर जेवढा भरवसा ठेवाल तेवढाच इथंही ठेवा.

दुसरी पायरी: अनोळखी शब्दाला घाबरू नका, ओळखीच्याला घाबरा

नवखा वाचक विचित्र दिसणाऱ्या शब्दापाशी थांबतो आणि साध्या शब्दावरून सुसाट पुढं जातो. धोका साध्या शब्दात असतो. विचित्र शब्द तुम्ही कोशात बघणारच असता.

हा प्रकार मराठी माणसाला समजवायला मी जुनी लग्नपत्रिका काढतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात, आणि पुढं अमक्याच्या चिरंजीवांशी तमक्यांच्या कन्येचा ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’. आजोबांच्या काळात हे वाचून कुणाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. सोयरीक जुळवणं, एवढाच त्याचा अर्थ. आज तीच पत्रिका नातवंडं फोटो काढून एकमेकांना पाठवतात. अक्षर तेच, अर्थ खालून सरकून गेला.

इंग्रजीत असे सरकलेले शब्द पावलोपावली आहेत. ‘नाइस’ हा लॅटिनमधल्या ‘नेस्कियस’पासून, म्हणजे अजाण. तेराव्या-चौदाव्या शतकात कुणाला नाइस म्हणणं म्हणजे मूर्ख म्हणणं. मूर्ख, मग नाजूक, मग चोखंदळ, मग काटेकोर, आणि शेवटी ‘छान’ असा त्याचा प्रवास झाला. ‘सिली’ बरोबर उलट दिशेनं गेला. सुरुवातीला तो सुखी, भाग्यवंत. मग भोळा, मग बिचारा, मग खुळा. आपल्याकडे ‘भोळा’ अजून मधल्या पायरीवर उभा आहे, कौतुकही आणि कीवही.

मला सगळ्यात आवडते ती वेळ दाखवणाऱ्या शब्दांची घसरण. शेक्सपिअरच्या नाटकात एखादा नोकर ‘प्रेझेंटली’ येतो म्हणतो, तेव्हा तो या क्षणी निघालेला असतो. पुढं त्याच शब्दाचा अर्थ ‘थोड्या वेळात’ झाला. ‘सून’ हाही जुन्या इंग्रजीत ‘ताबडतोब’ होता. ‘अॅनन’ तसाच, ‘बाय अँड बाय’ तसाच. लोक ‘ताबडतोब’ म्हणत राहिले आणि उशिरा येत राहिले, तेव्हा शब्द तरी काय करणार? आपल्या फोनवरचा ‘आलोच, आत्ता निघालोय’ ज्यांनी ऐकलाय त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरी पायरी: शब्द मराठीच्या साच्यात घालून बघा

इथं मराठी वाचकाची बाजू बळकट आहे, आणि तिचा फायदा फार कमी लोक घेतात. आजच्या इंग्रजीनं टाकून दिलेले कितीतरी भेद मराठीत रोजच्या वापरात आहेत. म्हणून जुना इंग्रजी शब्द आजच्या इंग्रजीतून समजून घेण्याआधी मराठीतून समजतोय का बघा.

‘हिअर, देअर, व्हेअर’ सगळ्यांना येतात. जुन्या पुस्तकात मात्र ‘हिदर, दिदर, व्हिदर’ आणि ‘हेन्स, देन्स, व्हेन्स’ भेटतात आणि वाचक गडबडतो. कोष्टक पाठ करू नका. इथे, तिथे, कुठे. इकडे, तिकडे, कुणीकडे. इथून, तिथून, कुठून. झालं. इंग्रजांची नऊ खणांची मांडणी होती, त्यातले सहा खण त्यांनी मोडीत काढले. आपले नऊच्या नऊ शाबूत आहेत. ‘फ्रॉम व्हेन्स’ लिहिणाऱ्याला इंग्रजी मास्तर का हिणवत असत, तेही ‘कुठूनपासून’ असं म्हणून बघितलं की कळतं.

‘दाउ’ आणि ‘यू’ म्हणजे तू आणि तुम्ही. एवढं सांगून थांबलं तर मात्र निम्मंच कळतं. आजचा वाचक ‘दाउ’ ऐकून त्याला भारदस्त समजतो, कारण तो प्रार्थनेत आणि नाटकात ऐकलेला असतो. खरं तर तो सलगीचा, नाहीतर तुच्छतेचा. देवाला दाउ म्हणायचं ते आपण विठोबाला ‘तू’ म्हणतो तसंच. नाटकातलं पात्र समोरच्याला आतापर्यंत ‘यू’ म्हणत होतं आणि एकदम ‘दाउ’वर आलं, तर काहीतरी बिनसलंय किंवा काहीतरी जुळलंय. ‘अहो’वरून ‘अगं’वर गाडी आली की आपल्याला जे कळतं तेच.

‘ओव्हरमॉरो’ हा शब्द १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलमध्ये आहे: उद्याच्या पुढचा दिवस. परवाच्या आदल्या बाजूसाठी ‘इअरयेस्टरडे’. आजच्या इंग्रजीला दोन्ही दिवसांसाठी चार-चार शब्दांची आगगाडी जोडावी लागते. आपला ‘परवा’ एकटा दोन्ही खांद्यांवर ओझं घेतो, आणि गरज पडली तर ‘तेरवा’ मदतीला आहे. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री, आणि त्याचा आता विसरलेला धाकटा भाऊ ‘सेनाइट’ म्हणजे सात रात्री. आपण मात्र पंधरवडा आणि आठवडा म्हणतो, एक-एक जास्त. त्यांनी मधल्या रात्री मोजल्या, आपण दोन्ही टोकांचे दिवस धरले. कुणाचंच गणित चुकलेलं नाही.

आणि आता नाती. इंग्रजीत काका-मामा-मावशी-आत्या असा भेद नाही, त्यांची कुटुंबंच तशी, असं आपल्याकडे ठासून सांगितलं जातं. नॉर्मन लोक येण्याआधीच्या इंग्रजीत बघा: काका ‘फॅदेरा’, मामा ‘एअम’, आत्या ‘फाथू’, मावशी ‘मोद्रिये’. चार नाती, चार शब्द. १०६६ नंतर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले आणि त्यांच्या ‘अंकल’ आणि ‘आंट’नी या चौघांना घराबाहेर काढलं. ‘अंकल’ येतो लॅटिन ‘अव्हन्क्युलस’वरून, म्हणजे आईचा भाऊ. ‘आंट’ येते ‘अमिता’वरून, म्हणजे बापाची बहीण. तेव्हा सोसायटीतली पोरं ज्यांना सरसकट अंकल-आंटी म्हणतात ते मुळात मामा आणि आत्या आहेत. एकमेकांचे नवरा-बायको म्हणून त्यांची जोडी जरा अवघडच.

चौथी पायरी: कोश कुठला आणि वाचायचा कसा

एकच कोश पुरत नाही. मी तीन-चार हाताशी ठेवतो आणि प्रत्येकाला त्याचंच काम देतो.

अठराव्या शतकातला मजकूर असेल तर सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश. तो इंटरनेटवर फुकट मिळतो. जॉन्सन त्या काळचा अर्थ त्या काळच्या माणसाच्या तोंडून सांगतो, आणि मध्येच चिमटेही काढतो: ‘ओट्स’ म्हणजे इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसांना पोसतं ते धान्य, अशी त्याची नोंद आहे. मात्र त्यानं दिलेल्या व्युत्पत्तींवर विसंबू नका. ते शास्त्र तेव्हा रांगतही नव्हतं.

हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांची पत्रं, रोजनिश्या, सरकारी अहवाल वाचत असाल तर ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी केलेला हा कोश १८८६ साली निघाला. बर्नेल तो बघायला उरला नाही, १८८२ मध्येच गेला. मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन! या हुसेन!’ या आक्रोशाचं गोऱ्या शिपायांच्या तोंडी जे झालं तेच कोशाचं नाव.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आपण मराठी शब्दासाठी उघडतो. उलटा वापरून बघा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे त्यातलं इंग्रजी तेव्हाचं आहे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यात शोधता येतं. जुना इंग्रजी शब्द टाकला की तो कुठल्या मराठी शब्दाचा अर्थ म्हणून दिलाय ते दिसतं. भाषांतर करणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही.

आणि सगळ्यांचा आजोबा ऑक्सफर्डचा मोठा कोश. कल्पना १८५७ ची, जेम्स मरे संपादक झाला १८७९ मध्ये, पहिला भाग निघाला १८८४ मध्ये आणि काम संपलं १९२८ मध्ये. मरे तोवर गेला होता. त्यानं बागेत पत्र्याची शेड बांधून तिथं लाखो चिठ्ठ्या खणांत लावल्या होत्या. देशोदेशीचे वाचक पुस्तकांतली वाक्यं उतरवून त्याला टपालानं पाठवत. एकदा ‘बाँडमेड’ या शब्दाच्या चिठ्ठ्याच गहाळ झाल्या आणि तो शब्द पहिल्या आवृत्तीतून निसटला. या कोशाला वर्गणी लागते, पण मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात तो छापील सापडू शकतो. चौकशी करायला हरकत नाही.

नोंद वाचताना तीन गोष्टी बघा. एक, शिक्का. ‘आर्केइक’ म्हणजे शब्द कळतो पण आता कुणी बोलत नाही, आपल्या ‘योजिले आहे’सारखा. ‘ऑब्सोलीट’ म्हणजे कळतही नाही. दोन, तारांकन. मूळ शब्दाआधी चांदणी असेल तर तो शब्द कुठंही लिहिलेला सापडलेला नाही. अभ्यासकांनी नियमांवरून मागे जाऊन तो मांडलाय. चांदणीवाल्या शब्दाची शपथ घेऊ नये. तीन, पहिलं अवतरण. ते सापडलेलं सर्वांत जुनं लेखी उदाहरण, शब्दाचा जन्मदाखला नव्हे. लोक आधी बोलतात, लिहितात फार नंतर. शिवी असेल तर आणखी नंतर.

पाचवी पायरी: सांधे तपासा

जुना शब्द बहुधा जोडकाम असतो. सांधा सापडला की आत एखादं चित्र दिसतं. ‘विंडो’ म्हणजे नॉर्स या जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतला ‘विंडाउगा’, वाऱ्याचा डोळा. आपलं ‘गवाक्ष’ म्हणजे गाईचा डोळा. दोन टोकांच्या माणसांना भिंतीतल्या भोकाकडे बघून डोळाच आठवला. ‘कर्फ्यू’ म्हणजे जुन्या फ्रेंचमधलं ‘आग झाका’. संध्याकाळी घंटा व्हायची आणि घरोघर चुलीतला विस्तव राखेखाली दडपायचा, नाहीतर लाकडी गावं पेटायची. रात्री निखारे राखेत पुरून ठेवणाऱ्या आजीला हा शब्द फोड करून सांगायची गरज पडली नसती. ‘लॉर्ड’ म्हणजे ‘हलाफवर्ड’, भाकरी राखणारा, आणि ‘लेडी’ म्हणजे ‘हलॅफदिये’, कणीक मळणारी. लेडीज स्पेशलमधून परत येऊन पुन्हा परातीशी बसणाऱ्या बाईला हा विनोद वाटेल की टोमणा, मला सांगता येणार नाही.

कधी सांधाच सरकतो. इंग्रजीत नामाआधी ‘अ’ किंवा ‘अॅन’ लागतो, आणि तो ‘न’ कुणाचा यावरून भांडण होतं. क्रिकेटच्या अंपायरचा मूळ उच्चार होता ‘नूंपेअर’: जुन्या फ्रेंचमधला ‘नॉनपेअर’, बरोबरीचा नसलेला, दोघांच्या जोडीबाहेरचा तिसरा. ‘अ नूंपेअर’चं ‘अॅन ऊंपेअर’ झालं आणि न गळाला. ‘एप्रन’चंही तेच, तो ‘नेप्रन’ होता. उलट ‘निकनेम’नं न लाटला: मूळ ‘अॅन ईकनेम’, म्हणजे आणखी एक नाव. शब्द कोशात जुळत नसेल तर पुढचा ‘न’ काढून किंवा लावून बघा. ही युक्ती फुकट आहे आणि वर्षातून दोनदा तरी कामी येते.

सहावी पायरी: नातेवाईक कोण, उसनवार कोण

इथं आपली मंडळी सर्वांत जास्त घसरतात. इंग्रजी शब्द संस्कृतसारखा वाजला की ‘आपल्याकडूनच गेला’ असं ठोकून देतात.

संस्कृत आणि इंग्रजी या दूरच्या चुलत बहिणी आहेत; विल्यम जोन्सनं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाबद्दल जे भाषण केलं त्यात जर्मनिक भाषांनाही त्याच घरात धरलं. पण चुलत बहिणी तंतोतंत सारख्या दिसत नाहीत, त्यांच्यात ठरावीक फरक असतो. संस्कृतातला ‘प’ इंग्रजीत ‘फ’ होतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. ‘द’चा ‘ट’ होतो: दश आणि टेन, द्वि आणि टू, दंत आणि टूथ. हे नियम पाळून येणारा शब्द नातेवाईक. विधवा आणि ‘विडो’ अशाच. ‘वेअरवुल्फ’मधला ‘वेअर’ म्हणजे पुरुष, आपल्या ‘वीर’चा भाऊबंद.

यातला माझा लाडका शब्द स्कॉटलंडचा ‘डेशल’. शुभ कार्यात सूर्याच्या दिशेनं, उजवी बाजू आत ठेवून फिरणं. गेलिक भाषेत त्याच्या मुळाचे अर्थ दोन: उजवा आणि दक्षिण. संस्कृत ‘दक्षिण’चेही दोनच: उजवा आणि दक्षिण. शब्दही एकाच मुळाचे. आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो आणि तिकडचा म्हातारा शेतकरी डेशल घालायचा. याच्या उलट फिरणं म्हणजे ‘विडरशिन्स’, आणि ते अशुभ.

नियम न पाळता हुबेहूब सारखा दिसणारा शब्द एकतर उसना, नाहीतर योगायोग. ‘लूट’ उसना. ‘मंगूज’ तर थेट मराठी मुंगसावरून, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला. आणि ‘बॅड’ हा निव्वळ योगायोग. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट, आपण बदनाम, बदफैली म्हणतो, इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजे वाईट, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

सातवी पायरी: गोष्ट जितकी गोड तितकी ती तपासा

‘पॉश’ची गोष्ट मी स्वतः दहा ठिकाणी सांगितली आहे. हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटीत उन्हापासून बचाव म्हणून श्रीमंत लोक जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेत. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पॉश. एका समारंभात मी हे रंगवून सांगत असताना कोपऱ्यातल्या एका निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या, “असं तिकीट पाहिलंय का कुणी?” मी गप्प. कुणीच पाहिलेलं नाही. शब्द छापील मिळतो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, ही गोष्ट मिळते १९३० च्या दशकात. नियम सरळ आहे: आद्याक्षरं जोडून शब्द करायची चाल विसाव्या शतकाआधी जवळपास नव्हती. जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की खुशाल हसा.

कोशही चुकतात. वेब्स्टरच्या १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. मुळात ती चिठ्ठी होती ‘डी ऑर डी’, म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी वापरतात एवढंच सांगणारी. कुणीतरी अक्षरं सलग वाचली आणि शब्द जन्माला आला. १९३९ मध्ये एका संपादकाला त्या नोंदीत व्युत्पत्तीच नसल्याचं दिसलं, तेव्हा भांडं फुटलं. व्युत्पत्ती नाही, अवतरण नाही, असा शब्द दिसला की संशय घ्या.

एक शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता सगळ्या पायऱ्या एकाच शब्दावर वापरू. एका इंग्रजी कादंबरीत म्हातारी बाई शेजाऱ्याबद्दल म्हणते, तो ‘डूलॅली’ झालाय. वाक्यावरून अर्थ कळतो: डोकं फिरलंय. कोशात शिक्का: ब्रिटिश, बोलीतला, जुन्या वळणाचा. मागे गेलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीची शिपायांची भाषा लागते, आणि तिथं शब्द एकटा नाही: ‘डूलॅली टॅप’. आता सांधा. ‘टॅप’ म्हणजे इंग्रजीत टकटक. डोक्यावर टपली बसली, असा अर्थ इंग्रज वाचक लावतो. तुम्ही साचा बदला. शिपाई हिंदुस्थानातला, तेव्हा ‘टॅप’ आपला ‘ताप’ असेल का? आहेच. मग ‘डूलॅली’चा नुसता आवाज मोठ्यानं म्हणून बघा. नाशिककर असाल तर हसू येईल. देवळाली.

देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी होती. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी तिथं येऊन थांबत. जहाजं मुंबईहून थंडीच्या मोसमात सुटत. चुकीच्या महिन्यात मुदत संपली की महिनोन्‌महिने तिथंच. काम नाही, ऊन भरपूर, दारू स्वस्त. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायानं १९३६ साली छापलेल्या आठवणींत या वाट बघण्याचं वर्णन केलंय. देवळालीचा ताप तो हा. पुढं ताप उतरला, गावाचं नाव तेवढं उरलं. इंटरनेटवर ‘देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून’ असंही छातीठोकपणे लिहिलेलं सापडतं. शब्द समजायला त्या इस्पितळाची गरज पडत नाही. लंडनच्या ‘बेडलम’ची गोष्ट तशी आहे खरी: १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेहेम मठाचं पुढं वेड्यांचं रुग्णालय झालं आणि नावाचा अर्थ गोंधळ असा झाला. आपण ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतो तो प्रकार.

सरावाला काय घ्याल

लांब जाऊ नका. इंग्लंडात म्हातारे झालेले शब्द आपल्या घरात आणि गॅरेजात अजून नोकरी करताहेत. ‘टिफिन’ घ्या: फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या असभ्य बोलीच्या कोशात ‘टिफिंग’ म्हणजे जेवणाच्या वेळेखेरीज खाणं-पिणं. तिकडे गेला, इकडे डब्यात बसला. मग ‘स्टेपनी’. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास पंक्चर चाकावर बसवायचं तयार चाक बनवू लागले, आणि रस्त्याचं नाव चाकाला लागलं. आजच्या इंग्रजाला स्टेपनी म्हणा, तो लंडनच्या एका भागाचा विचार करेल. आपल्या पंक्चरवाल्याला म्हणा, तो जॅक काढेल.

स्टेपनी जिथं ठेवता ती ‘डिकी’ शेवटी बघा. घोडागाडीच्या मागच्या नोकराच्या बैठकीला डिकी म्हणत, तिथून ती मोटारीत आली, इथवर सरळ आहे. त्याच्या मागे कोश अडखळतो: कदाचित रिचर्डचं लाडकं नाव ‘डिक’, पण खात्री नाही. ‘डॉग’सारख्या साध्या शब्दापुढंही मोठ्या कोशांत ‘मूळ अज्ञात’ असंच लिहिलंय. अशा वेळी रिकाम्या जागेत स्वतःची गोष्ट भरायचा मोह होतो. माझ्या वहीत त्या ओळीवर पेन्सिलीनं एवढंच आहे: डिकी, रिचर्ड? आणि प्रश्नचिन्ह खोडलेलं नाही.